डावी बाही

उजवी बाही तयार आहे.

*

आयुधपूजेला रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी, कुंकवाने लाल. मोपेडवाले त्यांना शिव्या देत वळसा घालतात.

*

पांढरा खोडरबर, एका कडेने काळा पडलेला.

*

लोखंडी पेटीत तांदळाचे दाणे पडले की पेटी हलवल्यावर पावसासारखा आवाज येतो.

*

"देवाचं आहे ते. हात लावायचा नाही."

*

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायला ला

*

पुन्हा.

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढरी

*

पुन्हा नको. आधी सगळं नीट सांगते.

विजयादशमीची सकाळ. तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली, एका घराची पुढची खोली. या खोलीत सुंदरी एम्ब्रॉयडरी करते. एक मशीन, एक सुई, आणि त्या मशीनला काय शिवायचं ते सांगणारा एक संगणक. तो मुलाच्या, चेतनच्या, शाळेसाठी घेतला होता. चेतन आता होसूरला नोकरी करतो आणि संगणक अजून शाळेतच असल्यासारखा कोपऱ्यात उभा आहे.

नवा का घेत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. तर ऐका. डिझाइनचं सॉफ्टवेअर चालायला एक प्लास्टिकचा ठोकळा लागतो. तो ठोकळा संगणकाच्या पेटीच्या पाठीमागच्या रुंद भोकात बसतो. नव्या संगणकांना तसलं भोक नसतं. ठोकळा विकणारी कंपनी केव्हाच बंद पडली. झालं? आता परत विचारू नका.

उजव्या बाहीवर जरीचे अन्नपक्षी, म्हणजे इकडचे हंस, आहेत, चोचीला चोच लावून, मनगटाकडून कोपराकडे चढत गेलेले. डावी बाही कोरी आहे. डाव्या बाहीचे पक्षी संगणकात आहेत.

ब्लाउज शांभवीचा. शांभवी म्हणजे जयश्रीची मुलगी, जयश्री म्हणजे सुंदरीच्या नवऱ्याची, नटराजची, थोरली बहीण. शांभवीचं लग्न कोइंबतूरला, याच महिन्यात. आज विजयादशमी, म्हणून जयश्री आज ब्लाउज देवापुढे ठेवून घेणार आणि संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे नेणार.

हे काम सुंदरीने मागून घेतलं होतं. जयश्रीला तिरुचीच्या मोठ्या दुकानात द्यायचं होतं. जयश्री कित्येक वर्षं सगळ्या नातलगांत सांगत आली आहे, "आमची सुंदरी घरी बसल्या बसल्या काहीतरी टिकटिक करते." आज ब्लाउज झाला तर सुंदरी कारागीर. नाही झाला तर जन्मभर टिकटिक.

आणि ती बाही परवाच झाली असती. परवा संध्याकाळी उजवी बाही फ्रेममधून काढून सुंदरी डावी चढवत होती, तेवढ्यात नटराज खोलीत आला आणि त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो!"

"उद्या आयुधपूजा. यंत्रं झोपली पाहिजेत आता."

"एक बाही राहिली आहे."

"परवा सकाळी उठल्यावर कर. विजयादशमीला सुरू केलेलं काम अडत नाही."

*

अडलं.

सकाळी सुंदरीने भिंतीवरचं बटण दाबलं, आणि संगणकाच्या बटणाला हात लावायच्या आधीच पेटीतून घर्र आवाज आला. नटराज दारातच उभा होता, कपाळाला विभूती, हातात तांब्या.

"पाहिलंस?" तो म्हणाला. "आपणहून सुरू झाला. तू हातही लावला नाहीस. सरस्वतीने सुरू केला."

मग सरस्वतीने तो बंद केला.

भिंतीवरचं बटण बंद, पुन्हा चालू. घर्र. हिरवा दिवा. पडद्यावर अक्षरं. एक आवंढा गिळावा एवढा वेळ. बंद.

"व्होल्टेज," नटराज म्हणाला.

"फ्रिज चालू आहे. पंखा चालू आहे. मिक्सर चालू आहे."

"त्यांना कमी लागतं."

काल यानेच सगळ्यांची पूजा केली होती. फ्रिज, मिक्सर, मोपेड, शिवणाचं मशीन, सुंदरीच्या कात्र्या, स्वतःचा पासबुक ठेवायचा डबा, सगळ्यांना एकेक चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. संगणकाच्या काळ्या तोंडाच्या मधोमध तर असा गोल, जाड, सुबक ठिपका बसला होता की पेटी देवळातल्या पुजाऱ्यासारखी दिसत होती.

*

चेतनला फोन लावला. चेतनला घरातली तंजावुरी मराठी सगळी समजते, पण उत्तर तो तमिळमध्ये देतो.

"अम्मा, तो फेकून दे."

"चेतन, डावी बाही राहिली आहे."

"बरं. पेटी उघड. आत पट्टीसारखं एक कार्ड असेल, ती रॅम. ती काढ, तिचे सोनेरी दात खोडरबराने घास, परत लाव. आणि पेटी बाहेरून सगळी पुसून घे, किती घाण असते तुमच्याकडे."

फोन स्पीकरवर होता.

"मागून पुसू," नटराज म्हणाला. "पुढून नाही. पुढे गंध आहे. दशमीचा दिवस संपेपर्यंत गंध पुसायचं नाही."

"अप्पा, धूळ पुसा म्हटलं, देव नाही."

"तुला होसूरला राहून काय कळणार."

पेटी उघडायला आडवी केली तर आत पाऊस पडला. स्क्रू काढले. आत तांदूळ. हळद लावलेले तांदूळ, जास्वंदीची एक पाकळी, विभूतीची चिमूट.

सुंदरीने नवऱ्याकडे पाहिलं.

"वरती जाळी आहे ना," नटराज म्हणाला, "तिथून अक्षता टाकल्या. आशीर्वाद आतपर्यंत पोचायला होणा." होणा म्हणजे तंजावुरी मराठीत हवा.

"फ्रिजमध्येही टाकल्यात?"

सुंदरी उठून फ्रिज उघडून आली. दह्यावर होत्या.

तिने चिमट्याने तांदूळ वेचले. ब्रशने विभूती झाडली. पाकळी उचलून खिडकीत ठेवली, कारण पाकळीही देवाची. रॅम काढली, खोडरबराने घासली, लावली. बसताना ती खट्‌ वाजली, चांगली खट्‌, भरवशाची खट्‌. भिंतीवरचं बटण.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एक ओळ, दुसरी ओळ, नटराजने हात जोडले, तिसऱ्या ओळीचं पहिलं अ

*

"कां गे सुंदरी, दार सताड उघडं टाकून काय चाललंय?"

जयश्री संध्याकाळी यायची होती. जयश्री जेवणाआधीच आली.

"या वन्सं. बसा."

"बसायला नाही आले. बाही दाखव."

सुंदरीने उजवी बाही दाखवली. जयश्रीने चष्मा लावला, बाही उजेडात धरली, उलटी केली, मागचे धागे पाहिले, ओढून पाहिले. काही बोलली नाही. तिला जेव्हा वाईट बोलायला काही सापडत नाही तेव्हा ती काहीच बोलत नाही.

"दुसरी?"

"होते आहे."

"कोठें होते आहे?"

सुंदरीने जमिनीवर आडव्या पडलेल्या, पोट फाडलेल्या पेटीकडे बोट दाखवलं.

"अय्यो," जयश्री म्हणाली आणि बसली. "नटराजा, ही रेडिओ दुरुस्त करते की रविके शिवते?"

"अक्का, यात डिझाइन आहे."

"मी तुला सांगिटलं नव्हतं? तिरुचीत द्यावं. तिथे लिफ्ट आहे. वर गेलं की थंड पाणी देतात, मुली सगळं मापून घेतात, तारीख सांगतात, त्या तारखेला हातात. पोट फाडलेलं काही बघावं लागत नाही."

"संध्याकाळपर्यंत होईल, वन्सं."

"शांभवीला एका बाहीची रविके घालून मंडपात बसवू कां? म्हणतील, तंजावूरची फॅशन."

नटराज हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि हसणं गिळलं.

*

गणेशकुमार आला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान जुन्या बसस्टँडजवळ आहे. दशमीचं दुकान उघडून, दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे तो आला होता, आणि पहिल्याच कामात अपयश नको म्हणून पायरीवरच त्याने पेटीला नमस्कार केला. मग पुढच्या गोल गंधाला बोट लावून तेच बोट स्वतःच्या कपाळाला टेकवलं. तो तमिळमध्ये बोलतो आणि सुंदरीला अक्का म्हणतो.

"काय होतंय अक्का?"

"बटण न दाबता सुरू होतो, आणि लगेच बंद पडतो."

"न दाबता? मग सेटिंग आहे ते. करंट आला की आपोआप सुरू. काही लोक ठेवतात तसं."

"आम्ही नाही ठेवलं."

"ठेवलं असेल. लगेच बंद म्हणजे एसएमपीएस. करंट पुरवणारा डबा. तो गेला."

त्याने पिशवीतून नवा डबा काढला, जुना काढला, तारा लावल्या. घर्र. दिवा. बंद.

"मग प्रोसेसरचा पंखा. गरम होतोय."

"आवंढा गिळेपर्यंत गरम होतो?"

"जुना आहे ना अक्का. जुनी माणसं पटकन तापतात." असं म्हणून त्याने जयश्रीकडे पाहिलं, मग घाईने दुसरीकडे.

पंख्याखालची वाळलेली पेस्ट खरवडली, नवी लावली. घर्र. दिवा. बंद.

मग बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी बदलली. घर्र. दिवा. बंद.

मग हार्ड डिस्कची तार काढली. घर्र. दिवा. बंद.

प्रत्येक वेळी ही चौघं एकाच दिशेला मान झुकवून पाहत. सुंदरी, नटराज, गणेशकुमार, आणि भिंतीला टेकून, पाहत नसल्यासारखी, जयश्री. प्रत्येक वेळी तो एकाच जागी मेला. चुकूनही थोडा पुढे नाही. मरतानाही वक्तशीर. सुंदरीला वाटलं, निदान धूर तरी काढ. निदान ठिणगी टाक. काहीतरी कारण दे आणि मग मर.

"मदरबोर्ड," गणेशकुमार शेवटी म्हणाला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात तशा आवाजात.

"मिळेल?"

"याचा? नाही मिळणार. माझ्याकडे दुसरा सीपीयू आहे, सेकंडहँड, फस्टक्लास."

"त्याला मागे रुंद भोक आहे?"

"कसलं भोक?"

सुंदरीने ठोकळा दाखवला. गणेशकुमारने तो फिरवून फिरवून पाहिला. "हे मी कॉलेजात असताना होतं," तो म्हणाला. "दुकानात नेतो अक्का. तिथे मीटर आहे. दोन-तीन दिवसांत सांगतो."

"दोन-तीन दिवस," जयश्री म्हणाली. हे मात्र तमिळमध्ये, म्हणजे गणेशकुमारलाही कळावं. ती उठली, पर्समधून फोन काढला. "मी तिरुचीला बोलते. उरलेलं कापड आहे माझ्याकडे. दोन्ही बाह्या नव्याने करून देतील. तू ती एक ठेव तुझ्याकडे, नमुना म्हणून."

ती फोन कानाला लावून बाहेर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसली. दारातून तिची पाठ दिसत होती. मान डुलत होती. "हो, हो, उद्या सकाळी," असं काहीतरी ऐकू येत होतं.

*

इथे नटराजने जे जे सुचवलं ते एकत्र:

हातानेच काढता येणार नाही का. चेतनला बोलावू का, पाच-सहा तासांत येईल. डावी बाही तशीही पदराखाली जाते, अर्धीच दिसते. पेटीला उन्हात ठेवू. नारळ फोडू. तू रागावू नकोस. तू रागावलीस की मला काही सुचत नाही. अक्का मनाने वाईट नाही. जेवून घेऊ आधी.

सुंदरीने ओला फडका आणला.

*

"हे काय करतेस?"

"पुसते."

"सुंदरी, गंध आहे ते. दिवस संपलेला नाही."

"हा आता पेटी मोपेडवर पायाशी ठेवून नेणार. तिथे बाकावर ठेवणार. चहाचे पेले ठेवेल वर. दुकानात कोणाचे पाय लागतील. गंध लावलेली वस्तू तशी घराबाहेर पाठवायची? तुमच्या आईने पाठवली असती?"

हे नटराजला पटलं, आणि पटलं याचाच त्याला त्रास झाला. गणेशकुमारनेही मान हलवली. "बरोबर अक्का. मलाही तसं न्यायला भीती वाटली असती."

सुंदरीने पेटी उभी केली. तार काढलेली होती. कुंकू लगेच निघालं, चंदन निघेना. नटराज ते सहाणेवर घट्ट उगाळतो, वर थोडी हळद घालतो. वाळून ते भिंतीला लावलेल्या लांबीसारखं झालं होतं. तिने फडका ओला करून दाबून धरला. घासलं. पुन्हा दाबलं. पुन्हा घासलं. आज सकाळपासूनचं सगळं त्या घासण्यात होतं: व्होल्टेज, अक्षता, लिफ्ट, थंड पाणी, टिकटिक. नखाने कडेचं चंदन उकरलं. एक पापुद्रा उडाला.

आणि आतून एक गोल वस्तू, अंगठ्याएवढी, हळूच पुढे आली.

टक्‌.

तिघांनी पाहिलं.

"हे बटण आहे," सुंदरी म्हणाली.

सकाळपासून ते दाबायची वेळच आली नव्हती.

"अहो. तुम्ही बटणावर गंध लावलंत."

"मधोमध होतं," नटराज म्हणाला. "गोल होतं. कपाळासारखं. मी अंगठ्याने जरा दाबून लावलं, पडू नये म्हणून."

गणेशकुमार उकिडवा बसला. त्याने बटण आत दाबून पाहिलं, सोडलं. आत, बाहेर. आत, बाहेर. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. संगणकाचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की संगणक बंद होतो, हे त्याच्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. हे बटण कालपासून दाबून धरलेलं होतं. चंदनाने. मिनिटभरही न सोडता. करंट आला की दाबलेलं बटण म्हणे, चालू. आणि मग तेच बटण म्हणे, बंद.

"मी पहिल्यांदाच म्हणणार होतो," गणेशकुमार म्हणाला, "काँटॅक्टचा प्रॉब्लेम आहे."

"तू मदरबोर्ड म्हणालास."

"मदरबोर्डचा काँटॅक्ट."

सुंदरीने तार लावली. भिंतीवरचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. ना घर्र, ना दिवा.

"गेलं," नटराज म्हणाला. "आधी निदान थोडं तरी चालत होतं. मी सांगत होतो, पुसू नको."

"अहो," सुंदरी म्हणाली, "आता बटण दाबायचं असतं."

तिने दाबलं.

पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एक ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, निळा पडदा आला, निळा पडदा राहिला, घड्याळाची खूण फिरत राहिली, फिरत राहिली, कोणी श्वास घेईना, मग चेतनने शाळेत असताना लावलेलं क्रिकेटपटूचं चित्र आलं, त्याच्यावर सगळ्या फायली पसरलेल्या, त्यांतली एक डावी बाही, आणि हे वाक्य कुठेही न तुटता इथपर्यंत पोचलं.

*

मशीन सुरू झालं तेव्हा जयश्री आत आली.

"चालू झालं?"

"झालं."

"काय बिघडलं होतं?"

सुंदरीने नटराजकडे पाहिलं. नटराजने छताकडे पाहिलं.

"काँटॅक्ट," गणेशकुमार म्हणाला, आणि आपला डबा पिशवीत घालून, जेवणाचं कोणी विचारायच्या आत निघून गेला.

"वन्सं, तिरुचीला सांगितलंत ना? त्यांना परत फोन करून नको म्हणा."

"करीन सावकाश," जयश्री म्हणाली. "आधी हे तर होऊ दे. तुझ्या यंत्राचा काय भरवसा."

ती खुर्ची ओढून मशीनसमोर बसली. सुई खाली, वर, खाली. पहिल्या पक्ष्याची चोच आली, मान आली. मध्येच धागा तुटला. सुंदरीने सुईत धागा ओवला, चष्मा न लावता, पहिल्याच खेपेला. मध्ये बॉबिन संपली, तीही बदलली. नटराज कॉफी घेऊन आला, तिने त्याला दारातच थांबवलं. "इथे नाही. आज या खोलीत तुम्ही काही आणायचं नाही. कॉफी नाही, फूल नाही, तांदूळ नाही."

"मग अक्काची कॉफी?"

"वन्सं बाहेर येऊन पितील."

जयश्री बाहेर गेली नाही. कॉफी थंड झाली. पक्षी कोपरापर्यंत चढले.

उन्हं उतरल्यावर सुंदरीने दोन्ही बाह्या ब्लाउजला जोडल्या, इस्त्री केली, ब्लाउज देवापुढे ठेवला. जयश्रीने चष्मा लावून आधी उजवी पाहिली, मग डावी, मग परत उजवी, मग दोन्ही कानाजवळ नेऊन धाग्यांवरून नख फिरवलं, जणू आवाजाने फरक कळणार होता. काही बोलली नाही. ब्लाउज घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवी छातीशी धरली. रिक्षा आल्यावर पायरीवर थांबली.

"शांभवीच्या सासूलाही एक होणा आहे," ती म्हणाली. "रिसेप्शनच्या आधी. गडद निळं आहे कापड. जमेल कां?"

"विचारून सांगते," सुंदरी म्हणाली.

"कोणाला विचारून?"

"माझ्याकडे आणखी कामं आहेत, वन्सं."

आणखी काम एकही नव्हतं. जयश्री पिशवी सावरत रिक्षात बसली.

सुंदरी आत आली. संगणक चालू होता. तिने तो बंद केला नाही. फक्त बटणावर, त्या गोल काळ्या बटणावर, कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तमिळ लिपीत मराठीत लिहिलं: नटराज, हात नको.

*

तिरुचीच्या दुकानाने नवरात्र बसायच्या आधीच जयश्रीला सांगितलं होतं की लग्नसराईमुळे नवं काम घेता येणार नाही.